नायकाची ओली गोण

रुतलेल्या गाडीइतकी लोकप्रिय वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. धावत्या गाडीकडे लोक धुळीपुरतं बघतात आणि तोंड फिरवतात. तीच गाडी एकदा चिखलात बसू द्या. शेतातली माणसं विळे ठेवून येतात, बाया डोक्यावरची ओझी उतरवून कमरेवर हात ठेवतात, आणि ज्यांनी जन्मात सायकलसुद्धा चालवलेली नाही ते कुठला दांडा कुठे ओढायचा हे सांगू लागतात. मध्यभागी ड्रायव्हर उभा असतो आणि सगळे त्याच्याशी बोलत असतात. हा शोध मला साठ सालच्या आसपास लागला. त्याचा मी जो उपयोग केला त्याची ही हकिगत.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि गावोगाव मच्छर मारायची पावडर फवारणाऱ्या एका सरकारी खात्याची जीप चालवत होतो. फवारणारी माणसं खेड्यातच मुक्काम करायची आणि पायी हिंडायची. त्यांना पावडरीची पोती आणि पंप पोचवणं एवढंच माझं काम. म्हणजे पुसदहून निघायचं, महागाव, फुलसावंगी आणि आजूबाजूची खेडी करायची आणि परत यायचं. गाडीत मी आणि मागे पोती. त्या पावडरीचा वास माझ्या शर्टाला, केसांना, डब्यातल्या भाकरीला असायचा. एखाद्या म्हाताऱ्याला भर उन्हात "बसा, सोडतो" म्हटलं तर तो नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणायचा, "जा बापा तू. माहे पाय चांगले हायेत." खेड्यात शिरलो की दारं लागायची, कारण मी आलो म्हणजे मागोमाग फवारणीवाले येणार, घरातलं सामान अंगणात काढायला लावणार आणि लिंपलेल्या भिंती पांढऱ्या करून जाणार. पुसदला माझी एक भाड्याची खोली होती. घरमालकीणबाई सभ्य होत्या. मला खोलीत येऊ द्यायच्या, माझा शर्ट मात्र बाहेर तारेवर राहायचा.

मी मूळचा राळेगावकडचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. आईवडील गेलेले. गावी गणपतीच्या नाटकांत मी राणी झालो होतो, पुढे खलनायक झालो होतो, आणि एका वर्षी खलनायकाला हिवताप भरल्यामुळे एकाच नाटकात दोन्ही झालो होतो. राणीला पळवून नेण्याचा प्रवेश तेवढा गाळावा लागला. अशा माणसाला बोलायला कोणी नसणं म्हणजे काय, ते मी एका दिवशी मोजून पाहिलं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मी चार वाक्यं बोललो होतो. त्यातली दोन जीपशी.

आता जीपची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं नाटक तिच्यावर उभं आहे. साध्या रस्त्याला त्या गाडीची फक्त मागची चाकं जोर लावतात. गिअरच्या बाजूला एक आखूड दांडा असतो. तो टाकला की पुढची चाकंही ओढू लागतात आणि गाडी चारी पायांनी रांगत चिखलातून बाहेर येते. हा दांडा आधीच टाकायचा असतो. चाक बसल्यावर आठवला तरी बहुतेक वेळा चालतं.

फुलसावंगीच्या वाटेवर एक नाला होता आणि नाल्याच्या पलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा. भर पावसाळ्यातली दुपार होती. मी दांडा टाकायला विसरलो आणि मागची चाकं काळ्या मातीत निम्मी गेली. हात दांड्यावर ठेवला. तेवढ्यात वर काठावर माणसं दिसली. एक, दोन, पाच, अकरा. माझ्याकडे बघत होती, हसत होती आणि खाली येत होती. पडदा वर गेला होता. मी दांड्यावरचा हात काढला, खाली उतरलो आणि दोन्ही हात डोक्याला लावून जीपभोवती घरचं माणूस गेल्यासारखी एक फेरी मारली.

"मेली काय?" एका बाईनं विचारलं.

"जीव हाये अजून. पाय गेले," मी म्हटलं.

त्या हसण्याचा आवाज माझ्या कानात पुढे चार दिवस पुरला.

मग तांड्याचा नायक आला. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. सगळे त्याला नुसतं नायकच म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. साठीचा गडी, लाल पागोटं, पांढऱ्या मिश्या, डाव्या कानानं थोडं कमी ऐकू यायचं आणि ज्या कानानं ऐकू यायचं तो कान आपल्या सोयीनं वळवायचा. त्यानं गाडीभोवती एक चक्कर टाकली आणि म्हणाला, "माहा आजा बैलायच्या पाठीवर मीठ लादून समुद्राकडून आणत जाय. हजार हजार बैलं. थे काम या मोटारीनं हिसकलं. अन् आता थेच मोटार माह्या नाल्यात बसून माहेच बैल मांगून राह्यली."

"मोटार नाही मांगत, नायक," मी म्हटलं. "मी मांगून राह्यलो."

"तू बोलतं बरा."

त्याच्या बैलजोडीत एक पांढरा आणि एक तांबडा होता. पण बैल जुंपण्याआधी त्यानं जे काय केलं ते मी नंतर कुठल्याही ड्रायव्हरला करताना पाहिलं नाही. त्यानं अंबाडीचा जाड दोर गाडीपासून बैलांपर्यंत टाकला. मग दोराचं मोकळं टोक धरून तो बाजूला चालत गेला, जिथं दोर संपला तिथून आणखी निम्मा चालला आणि काठीनं ओल्या मातीत रेघ मारली. सगळ्यांना रेघेपलीकडे उभं केलं. चाकाला खांदा द्यायला धावलेल्या दोघांना हाकललं. बैलांकडची गाठ अशी मारली की एका हिसक्यात सुटावी, कारण गाडी अचानक उसळून वर आली तर ती आधी बैलांच्याच अंगावर जाणार. आणि शेवटी एक फाटकी, जाड, ठिगळं लावलेली गोण नाल्यात बुचकळून काढली आणि ताणलेल्या दोराच्या मध्यावर टाकली. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबते ती लादणीची गोण. त्याच्या आजाची होती.

"हे कायले?" मी विचारलं.

"दोर तुटला तं साप होते. त्याच्या पाठीवर वजन पाह्यजे, म्हंजे उडत नाही, खाली पडते." मग मला बोट दाखवून म्हणाला, "अन् तू. माह्या हाताकडे पाह्यजो. हात वर गेला का थांबजो. दुसरं कोनी कितीबी वरडलं तरी ऐकजो नको. इथं एकच तोंड चालन, थे माहं."

बैलांनी मान खाली घातली, दोर ताठ झाला, आणि मी हळूच, कोणाला दिसू न देता, आखूड दांडा टाकला. जीप लोण्यातून सुरी निघावी तशी वर आली. लोकांनी बैलांना शाबासकी दिली. नायकानं पांढऱ्याच्या खांद्यावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि मला म्हणाला, "आव, बेस." म्हणजे ये, बस.

त्याच्या दारात बसून गुळाचा चहा प्यालो. त्याची बायको, सगळ्या तांड्याची याडी म्हणजे आई, हिनं बाटी दिली, म्हणजे आपली ज्वारीची भाकरच, आणि लसणाची चटणी. माझ्या शर्टाचा वास आला असणारच. तिनं नाकाला पदर लावला नाही. दुसरा चहा ओतला.

यानंतर जे व्हायचं ते झालं. दहा-बारा दिवसांनी मी पुन्हा त्याच नाल्यात रुतलो. मग पुन्हा. जागा मी निवडून ठेवली होती. चाक जाईल पण पोट टेकणार नाही, अशी. "पुढच्या चाकाचा दांडा मोडला हाये," असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं, आणि वरिष्ठांच्या नावानं बोटं मोडली, म्हणजे सहानुभूतीही मिळायची. रुतायच्या आदल्या दिवशी मी संवाद पाठ करायचो. तांड्यातल्या बाया मला लांबूनच विचारायच्या, "आज कोन्ता पाय गेला?" दर वेळी माणसं जमायची, दर वेळी नायक रेघ मारायचा, गोण भिजवायचा, दर वेळी मी गुपचूप दांडा टाकायचो आणि दर वेळी चहा व्हायचा. त्या जोडीचं नाव पंचक्रोशीत झालं. महागावच्या बाजारात एकानं मला ऐकवलं की फुलसावंगीकडे असे बैल आहेत की मोटारसुद्धा ओढतात. मी डोळे मोठे करून विचारलं, "काय सांगता?"

मी हसून सांगतोय, पण तेव्हा मला एकच भीती होती. तो आखूड दांडा साबूत आहे हे कळलं की जिल्ह्यातलं माझ्यासाठी उघडणारं एकुलतं एक दार बंद होईल. रुतल्याशिवाय तिथं जावं असं मला कधी सुचलंसुद्धा नाही. काय म्हणून जायचं? आलो, म्हणून? तशी सवय मला नव्हती.

माझ्या खोटेपणाचा एक परिणाम मात्र माझ्या लक्षात येत होता आणि मी तो बघत नव्हतो. गाडी इतकी सहज निघते म्हटल्यावर लोकांना नायकाच्या रेघेचं हसू यायला लागलं. तिसऱ्या खेपेला माणसं रेघेवर उभी होती, पाचव्या खेपेला रेघेच्या आत. नायकाचा मोठा मुलगा बैल हाकायचा. तो दोराच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहायचा आणि बापाला चिडवायचा, "गोणीले शेक देऊ का? सर्दी होईन तिले."

"होऊ दे," नायक म्हणायचा. "तुही हाडं मोडली तं कोन शेकीन?"

सगळे हसायचे. मीसुद्धा, गाडीत बसून.

दसऱ्याला मी सुट्टी असून गावी गेलो नाही. आणि त्या दिवशी न रुतता नाल्यापलीकडे गेलो, कारण याडीनं निरोप ठेवला होता की मोटार आण, पूजा करायची आहे. पुसदला आमच्या गाड्यांची पूजा व्हायची, पण ती साहेब करायचे आणि ड्रायव्हर मागे उभे राहायचे. इथं याडीनं मलाच पुढे बसवलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वाजत होत्या. तिनं गाडीला पाणी दाखवलं, आपट्याची पानं ठेवली, आणि तोंड कुठलं म्हणून गाडीकडे वाकून बघू लागली. पुढच्या लोखंडी बंपरच्या खाली, मधोमध, गाडीच्या चासीला, म्हणजे सांगाड्यालाच, घट्ट बसवलेला एक वाकडा आकडा होता. तिला ते नाक वाटलं की सोंड, मला माहीत नाही. तिनं त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावला, चांगला बोटभर जाड, आणि झेंडूचं फूल अडकवलं. मग माझ्या कपाळालाही टिळा लावला. आई गेल्यापासून माझ्या कपाळाला कोणाचं बोट लागलं नव्हतं. मी तेव्हा काहीही बोललो नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना ते खरं वाटणार नाही.

आता हा आकडा म्हणजे दोर बांधायची जागा. बंपर नुसता दोन बाजूंच्या बोल्टांवर असतो. त्याला धरून गाडी ओढायची नसते, हे पुसदच्या आमच्या मिस्त्रीनं मला पहिल्याच आठवड्यात शिव्या घालून शिकवलं होतं. शिवाय आमच्या बंपरचा डावीकडचा एक बोल्ट केव्हाच पडला होता. पण दसऱ्यानंतर मी रुतलो तेव्हा नायकाचा मुलगा दोर घेऊन वाकला, शेंदूर बघितला आणि थबकला. "याले कसा बांधू? देव हाये," म्हणाला, आणि दोर बंपरला गुंडाळला. नायकानं माझ्याकडे बघितलं. "चालन का डायवर?"

मला माहीत होतं की चालणार नाही. पण मी दांडा टाकणारच होतो, बंपरवर जोर येणारच नव्हता. आणि तो शेंदूर पुसा असं मला कोणाला सांगायचं नव्हतं. "चालते न," मी म्हटलं.

ती खेप निभावली.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला आलेला असताना दोन दिवस अवकाळी पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी नाल्यावर आलो. त्या दिवशी रुतायचा माझा विचार नव्हता, हे शपथेवर सांगतो. पोती फुलसावंगीला लवकर पोचवायची होती, म्हणून दांडा आधीच टाकला होता. पण नाल्याचा काठ आतून खचला होता. चारी चाकं एकदम खाली गेली आणि गाडीचं पोट चिखलावर टेकलं. मी मागे घेऊन पाहिली, पुढे घेऊन पाहिली. चाकं नुसती चिखल उडवत होती. पहिल्यांदाच मी खरा रुतलो होतो.

आणि काठावर माणसं आली. वेचणीतून आलेली, कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेली, नेहमीपेक्षा दुप्पट. खरं रुतल्याची भीती कुठल्या कुठे गेली. असा प्रेक्षक सोडतो कोण?

नायक खाली आला, गुडघ्यावर बसून गाडीच्या पोटाखाली हात घालून बघितलं आणि म्हणाला, "आजचं वेगळं हाये. आधी पोट मोकळं करू. फावडे आणा."

"कायले फावडे?" त्याचा मुलगा म्हणाला. "जोडी हाये न. दर वेळी निंगते."

"दर वेळी निंगते," मीही म्हटलं.

दोर बंपरला गेला. नायकानं रेघ मारली, पण तिच्या अलीकडे-पलीकडे कोण उभं आहे हे आता कोणी बघत नव्हतं. त्यानं गोण बुचकळून दोरावर टाकली. जोडीनं ओढलं. गाडी हलली नाही. पुन्हा ओढलं. पांढऱ्याचे गुडघे वाकले. दोर इतका ताठ झाला होता की त्यातून पाणी पिळून पडत होतं, आणि नायकाचा मुलगा त्या दोराच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, काठावरच्या लोकांकडे बघून दंडावर थापा मारत होता. नायकाचा हात वर गेला. थांबा. हात तसाच वर ठेवून तो मुलाला बाजूला करायला दोराकडे निघाला.

मी तो हात बघितला नाही. काठावरून एक बाई ओरडली होती, "डायवर, आज तं मोटार बाळंत होते का काय?" मी तिच्याकडे वळून, छातीवर हात ठेवून, मान लववत होतो. आणि ते करताना माझ्या पायाखालचा अ‍ॅक्सिलेटर पार दाबला गेला होता. चाकांना कुठेतरी एकदम धर मिळाला, गाडी फूटभर उसळून परत बसली, आणि बंपरची डावी बाजू कडकन सुटली, तिच्या मागोमाग उजवीही.

मला दिसलं ते एवढंच. दोर आणि त्याच्यासोबत वाकलेली लोखंडी पट्टी हवेत. नायकानं मुलाला खांद्यानं ढकललेलं. मग दोराच्या मधोमध ती काळी गोण, आणि सगळा दोर तिच्या वजनानं खाली खेचला जाऊन चिखलात आपटला. पट्टीचं टोक तेवढं नायकाच्या उजव्या हातावर आलं. माणसाच्या छातीला लागलं असतं ते कोपराखाली लागलं. बैल पुढे तोंडावर पडले आणि उठले.

नायक चिखलात बसला होता आणि आपला हात दुसऱ्या हातानं मांडीवर ठेवत होता, एखादी दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. मनगटाच्या वर तो जिथं वाकू नये तिथं वाकला होता.

दवाखाना पुसदला, आणि पुसदला नेणारी एकच गाडी, ती पोटावर बसलेली. त्यानंतरचा तासभर नायक काठावर बसून, घामानं भिजून, एकेक शब्द सांगत होता आणि आम्ही मुकाट्यानं ऐकत होतो. पोटाखालचा चिखल काढला. चाकांपुढे तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्यांचे, भारे अंथरले. सगळी माणसं रेघेच्या पलीकडे गेली, काहीजण तर दोन रेघा पलीकडे. मग दोर बांधायची वेळ आली आणि कोणी पुढे येईना.

"तू बांध," नायक मला म्हणाला. "कुठं बांधाचा थे तुले मालूम हाये."

मी वाकून त्या शेंदराच्या आकड्याला दोर बांधला. माझे हात केशरी झाले. मग गाडीत बसलो, आणि पोटाखालचा चिखल काढताना मागे घेतलेला आखूड दांडा सगळ्यांदेखत पुन्हा टाकला. नायकाचा मुलगा चाकापाशी होता. तो दांड्याकडे बघत म्हणाला, "हा तं मोडला होता न?"

मी नायकाच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो. हात हळूहळू पुढे झुकला, बैल चालले, चाकांनी भारे धरले आणि गाडी वर आली. या वेळी कोणी शाबासकी दिली नाही. ना बैलांना, ना मला.

नायक माझ्या शेजारी बसला. त्या जागेवर बसलेला तो पहिला माणूस. याडी मागे पावडरीच्या पोत्यांवर. पाच-सहा मैल गेले. मग मीच म्हटलं, "नायक, दांडा साबूत होता. पह्यल्यापासून."

"मले मालूम हाये."

"कवापासून?"

"पह्यल्या दिवशी पांढऱ्याच्या खांद्यावर हात फिरवला. कातडं गरमबी झालं नव्हतं. ज्या बैलानं मोटार ओढली त्याचा खांदा असा राह्यते का?"

"मंग सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? तुले चहा प्याचा होता, पेला. बैलायचं नाव झालं. पोट्ट्यायले तमाशा झाला. त्यात कोनाचं काय गेलं?" खड्डा आला. त्यानं दात आवळले, मग पुढे म्हणाला, "पन बंपराचं तुले मालूम होतं."

"होतं."

"मी इचारलं होतं तुले. चालन का म्हून."

मागून याडी म्हणाली, "काहून नाही सांगतलं रे बापू?"

रस्त्याकडे बघत मी सांगितलं, की तुम्ही शेंदूर लावला होता म्हणून. तो पुसला जाऊ नये म्हणून. हे वाक्य बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कुठलाही संवाद पाठ करायला लागला नव्हता.

मागे बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "मी माह्या हातानं पुसला असता. देवाले काय, कुठंबी बसते."

पुसद येईपर्यंत नायक डोळे मिटून होता. दवाखान्यात त्याच्या हाताला प्लास्टर झालं. मी त्या दोघांना दुसऱ्या दिवशी तांड्यापर्यंत सोडलं, अलीकडच्या काठावर. उतरताना तो म्हणाला, "आता नाल्यात आणजो नको गाडी. रस्त्यावर ठेव अन् पायी ये."

पायी ये. केवढी सोपी गोष्ट. रस्त्यापासून तांडा फर्लांगभरसुद्धा नव्हता. मी दीड महिना गेलो नाही. फुलसावंगीला जायला दुसरी लांबची वाट होती, ती धरली. त्या वाटेवर मी दांडा आधीच टाकायचो, आणि कुठेही रुतलो नाही. त्या दीड महिन्यात माझ्याशी कोण काय बोललं ते मला आठवत नाही. बोलण्यासारखं कोणी बोललं नसावं. संध्याकाळी खोलीत बसून मी नायकाच्या दारात शिरण्याचे प्रवेश रचायचो. एकात मी रडत जात होतो, एकात हसत, एकात साखरेची पुडी घेऊन. प्रत्येकात पहिलं वाक्य अडायचं.

शेवटी संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी जीप रस्त्यावर उभी केली, हातब्रेक ओढला, चाकाला दगड लावला आणि नाला पायी उतरलो. पाणी आटलं होतं. आमच्या चाकांचे खड्डे वाळून दगडासारखे झाले होते.

तांड्यात कोणी जमलं नाही. बाया वेचणीला निघाल्या होत्या, त्यातल्या दोघींनी बघितलं आणि पुढे गेल्या. नायकाचा मुलगा जोडी घेऊन शेताकडे चालला होता. त्यानं मान हलवली, थांबला नाही. नायकाचं प्लास्टर निघालं होतं. तो डाव्या हातानं दोर वळायचा प्रयत्न करत होता, उजवा नुसता धरायला. बोटं पुरती मिटत नव्हती. त्यानं मान वर करून बघितलं.

"आव, बेस," म्हणाला.

बसायला त्यानं पायानं गोण सरकवली. तीच. वाळून कडक झाली होती, आणि तिच्यावर एक नवीन ठिगळ होतं. मी बसलो. माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं आणि त्यालाही हवं असल्याचं दिसलं नाही. थोड्या वेळानं त्यानं दोराचं एक टोक माझ्याकडे केलं. मी ते धरून ताणलं, तो वळू लागला. याडीनं चहा ठेवला, आणि काही न विचारता एक फडकं घेऊन नाल्याकडे निघाली. मला वाटलं पाण्याला गेली. परत जाताना पाहिलं तर माझ्या जीपचा आकडा लख्ख पुसलेला होता आणि शेंदराचा टिळा काचेखाली, बॉनेटवर लागला होता, जिथं कोणाला दोर बांधायचं सुचणार नाही.

मी तिथं तासभर बसलो असेन. एकदाही कोणी हसलं नाही. त्या हसण्याची मला अजून आठवण येते, आणि खरं सांगायचं तर त्या शांत सकाळीसुद्धा मी नाल्याच्या काठाकडे दोनदा वळून बघितलं, कोणी येतंय का म्हणून. मग नायकानं दोर हलवला.

"ढिला सोडू नको," तो म्हणाला. मी टोक पुन्हा ताणून धरलं.